तीन गिटारी, तीन हट्ट

टेनेसीतल्या एका शेतघरासमोर जॅक व्हाइट फळीवर खिळे ठोकतो आहे. पलीकडे गाई चरताहेत. दोन खिळ्यांमध्ये तो एकच तार ताणून बसवतो, तारेखाली काचेची बाटली सरकवतो, फळीवर एक पिकअप बसवतो आणि वायर अँपला जोडतो. मग तारेवरून स्लाइड घासत एक गुरगुरणारी धून काढतो आणि विचारतो, की गिटार विकत घ्यायलाच हवी असं कुणी सांगितलं? डेव्हिस गुगेनहाइमचा ‘इट माइट गेट लाउड’ हा माहितीपट असा सुरू होतो. रॉक गिटारवर आजवर जे काही चित्रित झालं आहे, त्यात इतकी नेमकी सुरुवात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’ या हवामानबदलावरच्या माहितीपटासाठी ऑस्कर मिळवल्यावर गुगेनहाइमनं हा विषय घेतला. २००८च्या टोरांटो महोत्सवात चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. त्याची कल्पना साधी आहे. तीन पिढ्यांचे तीन गिटारवादक घ्यायचे, त्यांना आपापल्या गावी, आपापल्या जुन्या जागी नेऊन बोलतं करायचं आणि मग लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत समोरासमोर बसवायचं. ही भेट जानेवारी २००८मध्ये झाली. लेड झेपलिनचा जिमी पेज तेव्हा ६४ वर्षांचा होता, यू-टूचा दी एज ४६चा आणि व्हाइट स्ट्राइप्सचा जॅक व्हाइट ३२चा.

सर्वांत वेगवान बोटं कुणाची, या वादात चित्रपट पडत नाही, हे त्याचं मोठं शहाणपण. तिघांपेक्षा जलद वाजवणारे शेकडो आहेत. मग दोन सेकंदांत ‘हा पेज’, ‘हा एज’ असं ओळखू येतं ते कशामुळे? मला वाटतं, प्रत्येकाचा एक हट्ट आहे, एका गोष्टीला ठाम नकार आहे, आणि त्या नकारातूनच त्याचा आवाज घडला आहे. व्हाइटला सोपेपणा नको, एजला जादा स्वर नकोत आणि पेजला एकाच रंगात अडकून पडायचं नाही.

आधी ती फळी नीट बघू, कारण अख्खी इलेक्ट्रिक गिटार तिच्यात आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं १८३१मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. ही वीज अँप मोठी करतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. अँपला झेपेल त्यापेक्षा जास्त रेटलं, तर ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. या कापाकापीत मूळ स्वरात नसलेले वरचे नवे स्वरांश तयार होतात आणि आवाज फाटतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लेखी हा दोष आहे. रॉक संगीत या दोषावर उभं आहे.

एकतारी फळीही व्हाइटच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपीत, गरीब कृष्णवर्णीय घरांतली मुलं केरसुणीला बांधलेली तार सोडवून ती घराच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणायची, खाली बाटली सरकवायची आणि काचेच्या तुकड्यानं घासत वाजवायची. तिला ‘डिडली बो’ म्हणत. ब्लूजचे कित्येक वादक या भिंतीवरच शिकले. पडद्यांवर बोट दाबलं की ठरावीक स्वर मिळतो. स्लाइड मात्र दोन पडद्यांमधल्या सगळ्या जागांतून जाते, आपल्याकडच्या मींडेसारखी, आणि माणसाच्या गळ्याच्या जवळ पोचते.

व्हाइट डेट्रॉइटचा, दहा भावंडांतला सर्वांत धाकटा. तरुणपणी तो सोफे-खुर्च्यांना कापड चढवण्याचं काम शिकला आणि ज्याच्या हाताखाली शिकला त्याच्याबरोबरच त्यानं पहिला बँड काढला. व्हाइट स्ट्राइप्समध्ये दोनच माणसं होती, तो आणि ड्रम वाजवणारी मेग व्हाइट. कपड्यांपासून वाद्यांपर्यंत तीनच रंग चालत: लाल, पांढरा आणि काळा. त्याची ओळख बनलेली लाल ‘एअरलाइन’ गिटार १९६४ची आहे. माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीतून विकली जाणारी ही स्वस्तातली गिटार, अंग फायबरग्लासचं आणि आतून पोकळ. अशा वाद्याशी झगडावं लागतं, ते सहजासहजी सुरात राहत नाही, आणि व्हाइटला नेमका तो झगडा हवा असतो. रंगमंचावर ऑर्गन तो मुद्दाम थोडा दूर ठेवतो, म्हणजे ऐन वेळी धावत जावं लागेल. माहितीपटात एका कार्यक्रमात त्याच्या बोटांतून रक्त येतं आणि गिटारवर सांडतं. तो थांबत नाही.

हा सगळा देखावा आहे, असं कुणी म्हणेल. माझंही मन एका जागी थोडं कचरतं. व्हाइट स्वतःसारखे कपडे घातलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन फिरतो आणि त्याला, म्हणजे लहानपणच्या स्वतःला, शिकवतो, तेव्हा कल्पना अंगावर येते. पण लगेच तो ब्लूज गायक सन हाउसची एक तबकडी लावतो आणि शंका मिटते. त्या गाण्यात गिटारच नाही. म्हाताऱ्या सन हाउसचा आवाज आणि त्याच्याच टाळ्या, त्याही लयीला धरून नसलेल्या, एवढंच. व्हाइट सांगतो, की हे त्याचं सर्वांत आवडतं गाणं. एक गिटारवादक गिटार नसलेलं गाणं आपलं मूळ म्हणून दाखवतो, यातून त्याच्या वादनाची जितकी ओळख होते तितकी पन्नास रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या गिटारचाली, ऐकून होणार नाही.

अडचण स्वतःहून ओढवून घेतल्यानं काय मिळतं, त्याचा पुरावा २००३चं ‘सेव्हन नेशन आर्मी’. सुरुवातीची ती सात स्वरांची जाड चाल बहुतेकांना बेस गिटारची वाटते. बँडमध्ये बेसवादकच नव्हता. व्हाइटनं गिटारचा स्वर पायानं चालवायच्या एका पेडलनं सप्तकभर खाली उतरवला. आज युरोपातल्या फुटबॉल मैदानांवर हजारो लोक ती चाल शब्दांशिवाय गातात, आणि त्यातल्या बहुतेकांना ती कुणाची हेही माहीत नसतं.

आता दुसरं टोक. तंत्रज्ञानामुळे भावना आणि सच्चेपणा मरतो, असं व्हाइट मानतो. एजचं सगळं आयुष्य पेडलं आणि यंत्रांच्या कपाटांमध्ये गेलं आहे. त्याचं मूळ नाव डेव्हिड इव्हान्स. तो जन्मला इंग्लंडमध्ये आणि वाढला डब्लिनजवळच्या मॅलहाइडला. १९७६मध्ये माउंट टेंपल शाळेच्या सूचनाफलकावर लॅरी मलन या विद्यार्थ्यानं बँडसाठी मुलं हवीत म्हणून चिठ्ठी लावली. तिथून यू-टू सुरू झाला. माहितीपटात एज त्या शाळेत जातो आणि तो फलक दाखवतो. ‘एक्सप्लोरर’ ही त्याची कोनाकोनांची गिटार त्यानं १९७८मध्ये घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला गेला असताना घेतली.

तो काळ पंकचा. वीस वीस मिनिटांच्या एकल वादनाला तरुण पोरं कंटाळली होती, आणि ती लांबण लावणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव लेड झेपलिनचं. म्हणजे माहितीपटात समोरासमोर बसलेल्या एज आणि पेज या दोघांपैकी एकाची पिढी दुसऱ्याच्या पिढीविरुद्ध उठलेली होती. एजनं स्वर कमी करायला घेतले. कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला, गंधार काढून टाकला आणि नुसते सा आणि प ठेवले. गंधार असला की कॉर्ड मेजर आहे की मायनर, आनंदी की उदास, ते ठरून जातं. तो काढला की दोन्ही शक्यता उघड्या राहतात आणि मोकळी जागा तयार होते. तंबोऱ्याच्या सा-प वर वाढलेल्या कानाला ही मोकळीक समजावून सांगावी लागत नाही.

या मोकळ्या जागेत त्यानं प्रतिध्वनी आणून बसवला. यू-टूचा गायक बोनो यानं मागे लागून त्याला एको यंत्र घ्यायला लावलं, आणि ‘मेमरी मॅन’ नावाचं पेडल हाती आल्यावर एजला आपला आवाज सापडला. ‘यंत्रच वाजवतं, हा नुसता उभा असतो’ असा टोमणा त्याला आयुष्यभर ऐकावा लागला. १९८७च्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’सारख्या गाण्यात तो हातानं काय करतो ते एकदा कागदावर मांडून पाहिलं, तर टोमणा टिकत नाही.

एका मात्रेचे चार समान तुकडे करा: १, २, ३, ४. हात फक्त १ आणि ३ वर तार छेडतो. यंत्राला सांगून ठेवलेलं असतं, की प्रत्येक स्वर बरोबर तीन तुकड्यांनी परत ऐकव. मग १ वरचा स्वर ४ वर परत येतो आणि ३ वरचा पुढच्या मात्रेतल्या २ वर. १ आणि ३ हाताचे, २ आणि ४ यंत्राचे. मात्रेला दोन आघात करणाऱ्या हातातून चौगुण ऐकू येते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि हा उशीर तिच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांचा. शिवाय परत येणारा स्वर आधीचा असतो. तोवर हात पुढच्या स्वरावर गेलेला असतो, त्यामुळे नुकतंच वाजलेलं आणि आत्ता वाजणारं एकमेकांत विणलं जातं. हातानं लय जराशी सोडली की सगळी वीण उसवते, कारण यंत्र कुणाला सांभाळून घेत नाही. हे वादन आळशी माणसाचं नव्हे.

आणखी एक बारकावा. एज तार छेडायला नायलॉनचा जो पिक वापरतो त्याच्या पकडायच्या बाजूला, घसरू नये म्हणून, बारीक उठाव असतात. तो पिक उलटा धरतो आणि ती खरखरीत बाजू तारेवर घासतो. म्हणून प्रत्येक स्वराच्या तोंडाशी एक बारीक किणकिण येते, आणि प्रतिध्वनीत तीही मागोमाग फिरत राहते. १५ डिसेंबर २०१९ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टूचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ ज्यात आहे तो ‘द जोशुआ ट्री’ हा अख्खा अल्बम तेव्हा वाजवला गेला, त्यामुळे ही वीण नवी मुंबईतल्या हजारो लोकांनी प्रत्यक्ष ऐकली आहे.

माहितीपटात एज स्वतःच हे गुपित उघडं करतो. आधी सगळ्या यंत्रांसह एक दणदणीत रिफ वाजवतो, मग यंत्रं बंद करून तेच परत वाजवतो. उरतात दोन-चार साधे स्वर. लपवालपवी नाही, आणि त्याबद्दल संकोचही नाही. डोक्यात ऐकू येणारा आवाज स्पीकरमधून बाहेर पडेपर्यंत हा माणूस खटपट सोडत नाही. त्याच्यासाठी वाद्य गिटारीपाशी संपत नाही, ते स्पीकरपर्यंत जातं.

जिमी पेजविषयी लिहिताना हात आखडत नाही, कारण तिघांत त्याचा पैस सर्वांत मोठा. माहितीपटात १९५७ची बीबीसीची एक चित्रफीत आहे. तेरा वर्षांचा पेज मित्रांबरोबर स्किफल नावाचं साधं लोकसंगीत वाजवतो, आणि पुढे काय व्हायचंय असं विचारल्यावर, जीवशास्त्रात संशोधन करायचंय असं गंभीरपणे सांगतो. तसं झालं नाही. साठच्या दशकात लंडनच्या स्टुडिओंमध्ये तो भाड्यानं वाजवणारा वादक झाला. आज पॉप गायिका, उद्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत, परवा जाहिरात. समोर येईल ते वाजवायचं. शेवटी हॉटेलांत नि लिफ्टमध्ये मागे वाजत राहणारं गुळमुळीत संगीतही वाजवावं लागलं, तेव्हा त्यानं ते काम सोडलं. पण त्या वर्षांत त्यानं माइक कुठे ठेवतात, आवाजाला खोली कशी येते, सगळं टिपून घेतलं होतं. १९६८मध्ये लेड झेपलिन उभा राहिला आणि बँडच्या ध्वनिमुद्रणाची सूत्रं त्यानं स्वतःकडे ठेवली.

हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत तो कॅमेऱ्याला घेऊन जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस निराधारांसाठी बांधलेली ही वास्तू. १९७१मध्ये आलेल्या चौथ्या अल्बमचं बरंचसं काम इथे झालं. उंच छताच्या जिन्याच्या दालनात जॉन बॉनमचे ड्रम मांडले आणि दोन माइक वर जिन्यातून खाली सोडले. ड्रमच्या तोंडाशी माइक लावायची रीत मोडून त्यांनी खोलीचाच आवाज मुद्रित केला. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे ते प्रचंड ठोके असे जन्मले. गिटारवरच्या माहितीपटात ड्रमची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण पेज एकट्या गिटारचा विचार करतच नाही. गिटारचे थर, मधली हवा, आधी शांतता आणि मग स्फोट, या सगळ्याचा तो मिळून विचार करतो.

एका रंगात न राहण्यासाठी त्यानं काय काय केलं! व्हायोलिनचा गज गिटारवर फिरवला. गिटारच्या तारा जवळजवळ सपाट रांगेत असतात, व्हायोलिनसारख्या कमानीवर नाहीत, त्यामुळे गजाला एक तार वेगळी काढता येत नाही आणि सगळं मिळून घोंघावतं. त्याला ते घोंघावणंच हवं होतं. ‘स्टेअरवे टू हेवन’ मंचावर वाजवताना बारा तारांची गिटार खाली ठेवून सहा तारांची घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून त्यानं दोन दांड्यांची, अठरा तारांची गिटार गळ्यात अडकवली. ती इतकी गाजली की मूळ ध्वनिमुद्रणातलं एकल वादन गिटारवादक जेफ बेकनं भेट दिलेल्या टेलिकास्टर गिटारवर झालं होतं, हे मागे पडलं.

खुंट्या पिळण्यात तर त्याचा हात धरणारा दुसरा नाही. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम या वादकानं रूढ केलेली एक जुळणी आहे: डी-ए-डी-जी-ए-डी. डी म्हणजे सा धरला तर सा-प-सा-म-प-सा. इथेही गंधार नाही! लेड झेपलिनच्या १९६९च्या पहिल्या अल्बममधली ‘ब्लॅक माउंटन साइड’ याच जुळणीतली, आणि तिच्यात विराम जसानींचा तबला आहे. १९७५चं ‘कश्मीर’ही याच जुळणीतलं. नाव काश्मीरचं, पण त्याचे शब्द बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याला मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचले. १९७२मध्ये पेज आणि प्लांट मुंबईला आले आणि इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी त्यांनी नव्यानं मुद्रित केली. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये त्यांनी तिथल्या बँडची वाद्यं घेऊन वाजवलं. त्या दोन गाण्यांची ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

इतकं करून झालेला हा माणूस माहितीपटात आपल्या घरी गिटारवादक लिंक रेची ‘रंबल’ ही १९५८ची तबकडी लावतो आणि हवेत गिटार वाजवत हसत सुटतो. ‘रंबल’मध्ये शब्द नाहीत, तरी ती पोरांना बिघडवेल म्हणून अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी वाजवायला नकार दिला होता. हवा तसा फाटका आवाज मिळावा म्हणून लिंक रेनं अँपच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली होती, असं सांगतात.

तिघांच्या भेटीचा भाग त्यामानानं सपक आहे. भेटीला जाताना व्हाइट म्हणतो, की दोघांकडून सगळ्या युक्त्या काढून घेणार, बहुधा मारामारीही होईल. होत काहीच नाही. यंत्रांवर राग असलेला व्हाइट आणि यंत्रांत रमणारा एज समोरासमोर असूनही तो वाद दिग्दर्शक पेटू देत नाही. मात्र पेज उभा राहून ‘होल लॉट्टा लव्ह’ची रिफ सुरू करतो, तेव्हा दोघंही आपलं वाजवणं विसरून त्याच्या हातांकडे बघत राहतात. त्या क्षणासाठी मी सगळं माफ करायला तयार आहे. पुढे तिघं मिळून ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’ स्लाइडवर वाजवतात. तिघांच्या तीन स्लाइडा वेगळ्या ओळखू येतात.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती सांगायलाच हवी. तिघं ज्या विहिरीचं पाणी प्यायले ती कृष्णवर्णीय अमेरिकेची, आणि ती माणसं माहितीपटात फक्त तबकड्यांवर नि जुन्या चित्रफितींत आहेत. ‘होल लॉट्टा लव्ह’ची रिफ पेजचीच, पण शब्दांवरून ब्लूज गीतकार विली डिक्सननं १९८५मध्ये दावा लावला आणि १९८७मध्ये तडजोड झाली. सिस्टर रोझेटा थार्प चाळीसच्या दशकात भजनी गाण्यांवर कडक इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती, रॉक हे नाव रूढ होण्याच्या आधी. १९६४मध्ये मँचेस्टरच्या एका वापरात नसलेल्या रेल्वे स्थानकावर, ओल्या फलाटावर उभी राहून, पांढरी गिटार गळ्यात घालून तिनं जे वाजवलं ते चित्रित झालेलं आहे आणि आवर्जून पाहण्यासारखं आहे.

आणि हेडली ग्रेंजच्या जिन्यात ज्या गाण्याची गोष्ट पेज इतक्या प्रेमानं सांगतो, ते मूळ एका स्त्री गिटारवादकाचं. मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅककॉय यांनी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ १९२९मध्ये मुद्रित केलं. विषय होता १९२७चा मिसिसिपीचा महापूर, ज्यात लाखो लोक बेघर झाले. लेड झेपलिनच्या तबकडीवर श्रेयनामावलीत मिनीचं नाव आहे. दोन्ही ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. आधी १९२९चं लावा: दोन गिटारी, एक आवाज, सगळं एका छोट्या खोलीत मावेल एवढं, आणि त्यात मिनीची बोटं नवऱ्याच्या गाण्याभोवती किती चपळ फिरतात तिकडे कान द्या. मग १९७१चं लावा. पहिला ठोका पडताच समजेल, की पेजनं त्या गाण्यातला पूर आवाजात आणला आहे.